कानावर लावलेलं टायमिंग

हिंगुलात कुणाची जुनी मॉरिस मायनर रुसली, की ती ढकलत ढकलत टिकिरी बंडाच्या फणसाखाली आणायची, असा रिवाजच होता. गॅरेज म्हणावं असं तिथं काही नव्हतं. चार खांबांवर पत्रे, एक लांब बाक, आणि भिंतीऐवजी मिरवेलींनी मढलेली सुपारीची झाडं. कडुगन्नावाचा घाट तिथून जवळच चढायला लागतो, म्हणून तर त्यानं ही जागा धरली होती. कोलंबोकडून कँडीला निघालेली म्हातारी गाडी दमायची ती इथंच. कारागिराला आमच्याकडे बास म्हणतात, त्यामुळे पाठीमागे तो टिकिरी बास आणि तोंडावर ‘बास उन्नेहे’. उन्नेहे म्हणजे तुमचं ‘राव’ समजा.

त्याची ख्याती होती ती टायमिंगसाठी. जुन्या गाडीत डिस्ट्रिब्युटर नावाची एक डबी असते. पेट्रोलचा भपका पेटवणारी ठिणगी कुठल्या प्लगला आणि नेमकी कधी द्यायची, हे ती डबी ठरवते. ठिणगी उशिरा पडली तर गाडी मरगळते, चढावर बसकण मारते. फार लवकर पडली तर इंजिन आतल्या आत स्वतःचंच डोकं आपटून घेतं आणि चढावर बारीक किणकिण ऐकू येते. मॉरिसच्या डबीच्या बगलेला एक दातेरी गुंडी असते. एका अंगाला फिरवली की ठिणगी लवकर, म्हणजे टायमिंग पुढे; दुसऱ्या अंगाला फिरवली की उशिरा, म्हणजे मागे. बाकीचे मेकॅनिक पुलीवरची खूण बघत, डबीतल्या पॉइंटच्या, म्हणजे उघडझाप करत ठिणगी सोडणाऱ्या दोन टोकांच्या, वायरला बल्ब जोडत आणि बल्ब कधी पेटतो त्यावर टायमिंग लावत. टिकिरी बास असल्या भानगडीत पडत नसे. पॉइंट साफ करायचे, त्यांच्यातली फट पातळ पत्रीनं मोजायची आणि गाडी घेऊन सरळ घाटाला लागायचं. चढावर थांबत थांबत गुंडी पुढे न्यायची आणि किणकिण यायला लागली की उतरून थोडी मागे घ्यायची. झालं.

“बल्ब कशाला? चांगले डोळे असताना काठी आपटत चालायचं?” असं तो म्हणायचा.

हे त्याला शिकवलं होतं जॅन्झ नावाच्या बर्गर, म्हणजे डच वंशाच्या, मेस्त्रीनं. तरुणपणी टिकिरी चहाच्या मळ्यावरच्या कारखान्यात त्याच्या हाताखाली होता. जॅन्झ म्हणायचा, “इंजिन कुरकुर करेपर्यंत पुढे जा, मग एक पाऊल मागे घे. संसारातही हेच कर.” संसारात टिकिरीनं ते कितपत केलं ते बिसोमेनिकेला विचारावं लागेल. ती त्याची बायको. बोलायला तिखट, हाताला सढळ, आणि गाड्यांची तिला मनापासून नावड. अंगणात वाळत घातलेल्या जायफळांवर काळं तेल उडतं, एवढाच तिचा गाड्यांशी संबंध.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी पंपावर बिनशिशाचं पेट्रोल आलं होतं. लोक कुरकुरत होते, जुन्या गाड्यांना हे मानवणार नाही म्हणत होते. टिकिरी बासचा अनुभव मात्र उलटा. पूर्वी गुंडी जराशी फिरवली की चढावर किणकिण यायची. हल्ली कितीही फिरवा, इंजिन हूं की चूं करत नसे.

“काय गुणी पेट्रोल आहे!” तो बायकोला म्हणाला. “कुरकुर म्हणून नाही. एवढ्या वर्षांत असं इंजिन बघितलं नाही मी.”

“मग लोक का बोंबलतायत?”

“लोकांना बोंबलायला काहीतरी लागतंच.”

आणि मग एदिरिवीर महत्तया आले. महत्तया म्हणजे साहेब; हे निवृत्त पोस्टमास्तर, करड्या रंगाच्या मॉरिसचे मालक, आणि टिकिरीचे जुने स्नेही. दोघांचं गिऱ्हाईक-कारागिराचं नातं कधीच मागे पडलं होतं. गाडीचं काम नसलं तरी ते बाकावर येऊन बसायचे, काळा चहा आणि कितुल नावाच्या ताडाच्या गुळाचा खडा घ्यायचे. त्या दिवशी मात्र ते बसले नाहीत.

“बास उन्नेहे, गाडी वाजतेय.”

“कुठली? ही? परवाच तर लावून दिली.”

“परवापासूनच वाजतेय.”

दोघं घाटाला लागले. टिकिरी चालवत होता. गाडी झोकात चढत होती, त्याच्या मते तर नवरदेवाच्या घोड्यासारखी. पहिलं मोठं वळण आलं तसे एदिरिवीर पुढे वाकले.

“हे बघा! हे!”

“काय हे?”

“हेच! ऐका की!”

टिकिरीनं ऐकलं. इंजिनाचा घोगरा आवाज, टायरची घरघर, काचेतून येणारा वारा. बाकी काही नाही. त्यानं मित्राकडे बघितलं. मित्र त्याच्याकडे बघत होता. दोघांच्याही चेहऱ्यावर एकच भाव होता: ह्याला झालंय तरी काय?

“मला काही ऐकू येत नाही, महत्तया.”

“थट्टा करताय?”

“थट्टा तुम्ही करताय.”

दोघं घाट उतरून फणसाखाली परतले. तरी टिकिरीनं गाडी ठेवून घेतली, हेड उघडलं, आतला कोळसा खरवडला, नवे प्लग घातले. कोळसा साचला की असं होतं. एदिरिवीर गाडी घेऊन गेले आणि दोन-चार दिवसांत पुन्हा हजर.

“तसंच आहे.”

मग मावनेल्लचे जब्बार हाजियार आले. मसाल्याचे व्यापारी, जुनी ऑस्टिन, आणि तोंडावर कधी खोटं न बोलणारा माणूस. तेही म्हणाले, “बास, चढावर खिशातली चिल्लर खुळखुळल्यासारखं वाजतं.” टिकिरी त्यांच्याही शेजारी बसून घाट चढला. चिल्लर नाही, काही नाही. हाजियार बिचारे शेवटी म्हणाले, “असेल, मलाच भास होत असेल.” पण त्यांच्या आवाजात समजूत काढल्याचा जो सूर होता, तो टिकिरीला जास्त लागला.

आता त्याची मती गुंग झाली. एक माणूस म्हणाला तर त्याचा वहीम. दोघं म्हणाले तर योगायोग. पण पुढे एक शाळामास्तरीणबाई म्हणाल्या, विमा एजंट म्हणाला, आणि घाटमाथ्यावरचा डॉक्टर तर काही न बोलता गाडीच घेऊन गेला. एके दिवशी टिकिरी मावनेल्लच्या बाजारातून सायकलवर येत असताना त्याला डॉक्टरची निळी मॉरिस रुवनच्या गॅरेजमध्ये बॉनेट उघडून उभी दिसली. रुवन हा त्याच रस्त्यावरचा दुसरा मेकॅनिक, वयानं लहान. त्याच्याकडे टायमिंग तपासायचं, लखलख उडणाऱ्या दिव्याचं जपानी यंत्र होतं. टिकिरीला पाहून तो हात पुसत बाहेर आला.

“बास उन्नेहे, या की. चहा?”

“नको. डॉक्टरच्या गाडीला काय झालंय?”

रुवन अवघडला. “टायमिंग फार पुढे होतं. आलं असेल सरकून.”

“सरकून?” टिकिरी म्हणाला. “माझ्या हातचं टायमिंग सरकतं?”

तो घरी आला आणि त्यानं पहिल्यांदाच बायकोसमोर मनातला संशय बोलून दाखवला. “हे सगळं त्या पोरट्याचं कारस्थान आहे. तो गिऱ्हाइकांना पढवतो. म्हणतो, टिकिरीला सांगा वाजतंय म्हणून.”

बिसोमेनिके फणसाचे गरे सोडवत होती. “जब्बार हाजियारला पढवलं? हज करून आलेल्या माणसाला? आणि तुमच्या एदिरिवीरांना? त्यांच्या बायकोलासुद्धा त्यांना काही पढवता आलं नाही.”

कारस्थान म्हणावं तर जुळत नव्हतं, भास म्हणावा तर एवढ्या लोकांना एकच भास कसा? शेवटी, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, टिकिरीनं अडगळीतून एक बल्ब आणि वायर काढली. काठी आपटत चालायची वेळ आली होती. एदिरिवीरांची गाडी तेव्हा त्याच्याकडेच होती. पॉइंटच्या वायरला बल्ब जोडला, गाडीखाली पडून पुलीची खूण बघत हातानं इंजिन फिरवलं. बल्ब पेटला तेव्हा खूण अजून कितीतरी लांब होती. बल्बच्या मते ठिणगी भलतीच लवकर पडत होती.

तो गाडीखाली तसाच पडून राहिला. बल्ब एक सांगत होता, कान दुसरं. बल्ब काय, कालचा. कान जन्मापासूनचे, त्यांनी कधी दगा दिला नव्हता. मग खोटं कोण? खूणच खोटी असणार. कधीकाळी कुणीतरी पुली बदलली असेल, भलत्याच इंजिनाची बसवली असेल. हे पटल्यावर त्याला जरा बरं वाटलं. पण पुढच्याच दिवशी त्यानं हाजियारच्या ऑस्टिनलाही बल्ब लावून बघितला आणि तिथंही तेच निघालं. सगळ्या गावाच्या पुल्या कुणी बदलल्या?

मग त्यानं डिस्ट्रिब्युटरच बाहेर काढला. त्याच्या पोटात दोन वजनं असतात, बारीक स्प्रिंगांनी बांधलेली. इंजिन जोरात फिरलं की ती फाकतात आणि ठिणगी आपोआप लवकर पाडतात. स्प्रिंगा ढिल्या झाल्या असतील तर उलगडा होईल, असं त्याला वाटलं. त्यानं बाकावर वर्तमानपत्र पसरून सगळं सुटं केलं, रॉकेलनं धुतलं, वजनं बोटानं फाकवून पाहिली. काही दोष नाही. पुन्हा जोडलं. बिसोमेनिके चहा घेऊन आली तेव्हा तो डबीचं झाकण हातात घेऊन नुसताच बसला होता.

“काय झालं?”

“काही नाही झालं,” तो म्हणाला. “तेच तर कळत नाही.”

ह्या सगळ्यात एदिरिवीरांच्या मुलीचं, सुजीवाचं, लग्न ठरलं. मुलगा पिलिमतलावचा, लग्नाचा हॉलही घाटापलीकडे तिथंच. नवरी स्वतःच्या गाडीतून जाणार, दुसरी गाडी नको, असा सुजीवाचा हट्ट होता. ती ह्या मॉरिसच्या मागच्या सीटवर झोपून लहानाची मोठी झाली होती. एदिरिवीर बाकावर येऊन बसले आणि म्हणाले, “बास उन्नेहे, गाडी तुम्हीच चालवायची. सुजीवाचं म्हणणं आहे, टिकिरी मामा पाहिजेत.”

“वाजते म्हणता ना?”

“तुम्ही नीट करालच.”

त्या ‘करालच’वर टिकिरीनं आठवडाभर दुसरं काम घेतलं नाही. नवे पॉइंट, नवा कंडेन्सर, कार्बुरेटर धुतला, रंगाला पॉलिश केलं. शेवटी घाटात नेऊन कानावर टायमिंग लावलं. बल्बवर की कानावर, हा प्रश्न त्यानं मनातल्या मनात खूप घोळवला. पण लेकीसारख्या पोरीच्या लग्नाची गाडी एका चार आण्याच्या बल्बच्या भरवशावर सोडायची, हे त्याच्यानं होईना.

लग्नाच्या सकाळी पुढे टिकिरी आणि एदिरिवीर, मागे सुजीवा आणि तिला सावरायला बिसोमेनिके, अशी गाडी निघाली. सुजीवानं पांढरी ओसरी, म्हणजे कँडीकडच्या धर्तीची साडी, नेसली होती, कपाळावर जडावाचं नलल्पट, गळ्यात माळांवर माळा. तिला मान वळवता येत नव्हती. सुजीवाची आई आणि बाकी वऱ्हाड बसनं पुढे गेलं होतं. पोरुव्यावर, म्हणजे सजवलेल्या लाकडी चौथऱ्यावर, पाऊल ठेवायचा मुहूर्त ज्योतिषानं काढून दिलेला होता आणि तो कुणासाठी थांबणार नव्हता.

चढण सुरू झाली. एदिरिवीरांनी दाराची कडी घट्ट धरली.

“मामा,” सुजीवा मागून म्हणाली, “हा कसला आवाज येतोय?”

“कसला?”

“पुढून येतोय. किणकिण किणकिण.”

“तुझे दागिने असतील.”

“मी हललेच नाही मामा. मला हलताच येत नाही.”

टिकिरीनं आरशातून बायकोकडे बघितलं. ती तरी त्याच्या बाजूची असेल.

“अहो, वाजतंय खरंच,” बिसोमेनिके म्हणाली. “चांगलं मोठ्यानं वाजतंय.”

“तूसुद्धा?”

“मी काय सुद्धा? कान आहेत मला!”

“बास उन्नेहे,” एदिरिवीर हळूच म्हणाले, “जरा थांबवता का?”

एका गाडीत चार माणसं, तिघांना ऐकू येतंय आणि गाडी ज्याच्या हातात आहे त्याला नाही. टिकिरीला क्षणभर असं वाटलं, की ही तिघं कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीत बसली आहेत. तो थांबला नाही. मुहूर्ताची घाई होती, आणि खरं म्हणजे थांबून करायचं काय, हेच त्याला सुचत नव्हतं. त्यानं पाय आणखी दाबला. पुढच्या वळणावर गाडीनं एक आचका दिला, जोर गेला, आणि बॉनेटच्या फटींतून निळसर धूर यायला लागला. आता जो आवाज झाला तो मात्र त्यालाही ऐकू आला. धप्प, धप्प, धप्प. गाडी कडेला लागली आणि बंद पडली.

टिकिरी उतरला, त्यानं बॉनेट उघडलं, तेलाचं झाकण काढलं तर आतून धुराचा लोट आला. पिस्टनच्या डोक्याला भोक पडलं होतं. ते बघायला इंजिन उघडायची गरज नव्हती.

“आता?” एदिरिवीरांनी विचारलं.

उत्तर दिलं ते बिसोमेनिकेनं. ती ओसरीचा पदर खोचून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि खालून येणारी लॉरी तिनं दोन्ही हात पसरून अडवली. लॉरीत शहाळी भरलेली होती. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून शिवी तोंडात आणली, तेवढ्यात त्याला नवरी दिसली. शिवी त्यानं गिळली.

“पिलिमतलावला नवरी पोचवायचीय!” बिसोमेनिके ओरडली. “मुहूर्त टळला तर पाप तुला!”

“मला का? मी काय केलं?”

“आत्ता काही नाही केलंस. निघून गेलास तर केलंस!”

ड्रायव्हरनं केबिनमधली गादी झटकली. सुजीवाला वर चढवताना नलल्पट वाकडं झालं, ते बिसोमेनिकेनं सरळ केलं. सुजीवा रडेल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण ती हसायला लागली. “मामा,” वरून ती म्हणाली, “तुम्ही मागून या हं. जेवायला थांबते मी.” एदिरिवीर तिच्या शेजारी बसले. टिकिरीकडे त्यांनी बघितलं नाही. रागानं नव्हे, त्यांनाही कुठल्या तोंडानं बघावं ते कळत नसावं. लॉरी गेली.

मागे राहिली ती दोघं आणि मेलेली गाडी. टिकिरी रस्त्याकडेच्या कठड्यावर बसला. खाली रानानं भरलेली दरी, समोर बथलेगलाचा सुळका.

“मी काय केलं, मेनिके?” तो म्हणाला. “सगळं तर नीट होतं. मी ऐकलं ना. कसं शांत चालत होतं इंजिन.”

ती त्याच्या शेजारी कठड्यावर टेकली.

“आत्ताही किती शांत आहे बघ,” तो पुढे म्हणाला. “ह्या वर्षी रानात किडेसुद्धा नाहीत. हवाच बदलली आहे. एरवी इथं किर्रर्र चालायची.”

बिसोमेनिकेनं चमकून त्याच्याकडे बघितलं. झाडाझाडांवर किडे इतके कर्कश ओरडत होते, की तिला त्याचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं.

“काय म्हणालात?”

“किडे म्हटलं. नाहीत ह्या वर्षी.”

ती उठून त्याच्या मागे गेली. कमरेला खोचलेला कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा तिनं काढला आणि त्याच्या कानामागे हलवला. तो समोर दरीकडे बघत होता. दुसऱ्या कानामागे हलवला. तो तसाच. मग तिनं हाक मारली, अगदी हळू, “अहो.” त्यानं लगेच मान वळवली.

“काय?”

तिनं त्याच्या तोंडासमोर जुडगा धरला आणि पुन्हा हलवला. किल्ल्या एकमेकींवर आपटताना त्याला दिसल्या. त्या आपटत होत्या आणि काहीही होत नव्हतं. पडद्यावरची मुकी माणसं बोलतात तसं.

“पुन्हा हलव,” तो म्हणाला.

तिनं हलवला.

“आवाज येतोय?”

“येतोय हो.”

“केवढा?”

“किल्ल्यांचा येतो तेवढा.”

त्यानं तो जुडगा तिच्या हातून घेतला, कानाशी नेला, हलवला. मग दुसऱ्या कानाशी. मग मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसला. हाजियार, मास्तरीणबाई, विमा एजंट, बल्ब, पुलीची खूण, सगळी एकदम त्याच्या डोक्यात गर्दी करून आली, आणि त्यातलं कुणीही खोटं बोलत नव्हतं. एवढे दिवस ज्या कोड्यानं त्याच्या डोक्याचा भुगा केला होता ते असं एका क्षणात सुटलं, पण सुटल्याचं सुख काही होईना. उलट जास्तच गोंधळ झाला. माणसांचं बोलणं ऐकू येतं, लॉरीचा भोंगा ऐकू येतो, मग बहिरा कसा? आणि कधीपासून? कुठल्या कुठल्या गाड्या त्यानं अशा बिघडवून दिल्या?

लग्नाच्या जेवणाला दोघं पोचली ती टोचन लावायला आलेल्या रुवनच्या गाडीतून. मुहूर्त सापडला होता. एदिरिवीरांनी टिकिरीच्या ताटात स्वतः किरिबतची, म्हणजे नारळाच्या दुधातल्या भाताची, वडी ठेवली. बिसोमेनिकेनं त्यांच्या कानाशी लागून काय ते सांगितलं, तसे ते घास हातात धरून थांबले.

“म्हणजे थट्टा नव्हती?” त्यांनी विचारलं.

“नव्हती,” टिकिरी म्हणाला. “तुमचीही नव्हती.”

पुढे कँडीच्या दवाखान्यात तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, जन्मभर हातोड्याजवळ आणि इंजिनाजवळ राहिल्यानं कानातले चढे सूर गेलेत. खालचे शाबूत आहेत, म्हणून बोलणं कळतं. गेलेले परत येणार नाहीत. त्यांनी कानात घालायचं एक यंत्र दिलं. ते लावून टिकिरी गॅरेजमध्ये आला, एका गाडीचं इंजिन चालू केलं आणि दोन पावलं मागेच सरला. वॉल्व्ह बंदुका झाडल्यासारखे वाजत होते, पट्टा किंचाळत होता, डिस्ट्रिब्युटरमधून कुणीतरी कागद फाडत होतं. किणकिण तर सगळीकडूनच येत होती. तो गुंडी मागे मागे घेत गेला, शेवटी गाडी अंगणातून रस्त्यावरसुद्धा चढेना.

“पूर्वी ऐकू येत नव्हतं,” तो यंत्र काढून ठेवत बायकोला म्हणाला. “आता कळत नाही. ह्यातलं बरं कुठलं?”

शेवटी त्यानं बल्ब धरला. लाजत धरला, पण धरला. पुलीच्या खुणा पांढऱ्या रंगानं रंगवल्या, बल्ब पेटेल तिथं डिस्ट्रिब्युटर आवळायला शिकला. एदिरिवीरांच्या इंजिनात नवा पिस्टन घातला, तो त्याच बल्बवर. तरी समाधान होईना. बल्ब उभ्या गाडीचं सांगतो, घाटातल्या गाडीचं काय? म्हणून मग एका सकाळी त्यानं बिसोमेनिकेला म्हटलं, “जरा चल माझ्याबरोबर. नुसतं बसायचं आहे.”

“गाडीत? मी?”

“किणकिण आली की सांगायचं.”

“मला काय कळतंय किणकिण! किल्ल्या वेगळ्या, इंजिन वेगळं. लग्नाच्या गाडीत होती तेव्हा मला वाटलं, कुणीतरी डब्यात मोहरी तडतडवतंय.”

“मग मोहरी तडतडली की सांग.”

ती बसली. पहिल्या चढावर म्हणाली, मोहरी. त्यानं उतरून गुंडी मागे घेतली. पुढे म्हणाली, आता नाही, आता भात रटरटतोय. ह्याचं काय करायचं ते त्याला कळेना. भात रटरटणं चांगलं की वाईट? तिला विचारलं तर ती म्हणाली, “भातासाठी चांगलं.” अजून थोडं वर गेल्यावर ती म्हणाली, आता पापड. पापड कुठून आला? त्यानं गाडी थांबवून बघितलं तर सायलेन्सरचा पत्रा सुटून थरथरत होता. इंजिनाचा दोषच नव्हता. तो रस्त्यावर उभा राहून हसायला लागला, तिला कळेना की आपलं काय चुकलं.

हळूहळू लोकांच्या हे अंगवळणी पडलं. मॉरिस घाटात दिसली, चालवायला टिकिरी बास आणि शेजारी तोंड वाकडं करून बिसोमेनिके, की ओळखायचं, कुणाचं तरी टायमिंग चाललंय. हाजियार परत आले. डॉक्टर आला नाही, तो रुवनकडेच राहिला. टिकिरी त्याला चुकीचं म्हणत नसे. रुवन अधूनमधून आपलं लखलखणारं यंत्र घेऊन येई आणि त्यांनी लावलेलं टायमिंग पडताळून बघी. बहुतेक वेळा बरोबर निघे. क्वचित नाही निघायचं, आणि मग दोघं नवरा-बायको एकमेकांवर ढकलायचे.

“तू भात म्हणालीस.”

“मी भात म्हणाले, पण तुम्ही गुंडी किती फिरवली?”

टिकिरीनं पुढेही बरीच वर्षं काम केलं. पण एक गोष्ट त्याला अखेरपर्यंत सुटली नाही. बाकावर एदिरिवीर बसलेले असले की तो कधी कधी मध्येच विचारायचा, “महत्तया, खरं सांगा, त्या पहिल्या दिवशी घाटात ती नक्की कशी वाजत होती?” आणि एदिरिवीर, जन्मभर तारा-पत्रं हाताळलेला माणूस, हात हवेत धरून शब्द शोधत राहायचे. त्यांना काही ते सांगता यायचं नाही.